कारखान्याचं गाणं

लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत, कुठंही मी रेडिओत नोकरी करते असं कळलं की माणसं एकच प्रश्न विचारायची. तुम्ही तीच तीच गाणी का लावता हो? एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून हेच विचारलं आणि वर उत्तराची वाट बघत थांबले. मी डोळ्यांनीच काय ते सांगितलं. दात दुखत होता, नाहीतर तोंडानं सांगितलं असतं.

विचारणाऱ्यांना वाटायचं की गाणी माईकवर बोलणारा माणूस निवडतो. तसं नसतं. खासगी एफएम स्टेशनवर बोलणारा फक्त बोलतो. गाणी कोणती, कुठल्या क्रमानं, जाहिरातींच्या आधी की नंतर, हे सगळं आदल्या दिवशीच कॉम्प्युटरवर ठरलेलं असतं. त्याला आम्ही लॉग म्हणतो. सोलापूरच्या आमच्या स्टेशनचा लॉग बनवायचं काम माझं होतं आणि पदाचं नाव होतं म्युझिक मॅनेजर. माझ्या आईला बार्शीत शेजारणींपुढं ते उच्चारता यायचं नाही, म्हणून ती 'आमची पोरगी गाण्याच्या हापिसात हाय' असं सांगायची. मला ते पदापेक्षा आवडायचं.

आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. संपादक म्हणाले, रेडिओतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं. गमती आहेत, त्यातल्या एकदोन सांगतेही. पण लिहायला बसलं की एका दुपारच्या कार्यक्रमाची गोष्ट सारखी पुढं येऊन बसते आणि ती हलकीफुलकी नाही. तो कार्यक्रम सोलापुरात राहणार की मुंबईला जाणार, आणि तो करणाऱ्या माणसाची नोकरी राहणार की जाणार, एवढाच तिचा विषय.

पण आधी त्या तेच-तेचपणाबद्दल सांगते, कारण त्याचं पाप निम्मं माझं आणि पुण्यही निम्मं माझं आहे.

स्टेशन सुरू झालं तेव्हा आमच्याकडं यादीबिदी काही नव्हतं. कपाट भरून सीड्या होत्या आणि हौशी बोलणारे होते. ज्याला जे आवडेल ते त्यानं लावायचं. एकजण सकाळी सकाळी, माणसं आंघोळीच्या गडबडीत असताना, गझला लावायचा. दुसऱ्यानं स्वतःच्या मेहुण्याच्या बँडचं रेकॉर्डिंग एका सकाळी दोनदा वाजवलं आणि वर बँडचा पत्ताही सांगितला. मेहुण्याला सुपाऱ्या मिळाल्या, आम्हाला जाहिराती मिळेनात. तेव्हा मी गावभर फिरून लोकांना विचारायची की आमचं स्टेशन का लावत नाही. नवी पेठेतल्या एका सलूनवाल्यानं वस्तरा पुसत सांगितलं, "म्याडम, तुमचं स्टेशन लावलं की गिऱ्हाईकाच्या गालावर साबण असताना कवा रडकं गाणं लागंल त्याचा भरवसा न्हाई. हात थांबतोय की माझा."

मग मुंबईच्या मुख्य ऑफिसनं यादी पाठवली. काही शे गाणी, सगळी लोकांच्या तोंडी असलेली. त्यातली सगळ्यात गाजलेली दिवसातून अनेकदा फिरवायची, बाकीची कमी. मागचं गणित सोपं होतं. माणूस रिक्षात, गाडीत, दुकानात थोडा वेळ रेडिओ ऐकतो आणि जातो. तो जेव्हा केव्हा लावेल तेव्हा त्याला ओळखीचं गाणं मिळालं पाहिजे. अनोळखी लागलं तर तो बटण फिरवतो. आमचे बोलणारे चिडले, एकानं तर नोकरी सोडली. मी मात्र यादी मनापासून आवळली आणि सांगायला हवं की तिनं आम्हाला वाचवलं. दुकानांतून स्टेशन सुरू राहू लागलं, जाहिराती आल्या, सलूनवाला खूश झाला. छोट्या यादीनं रेडिओ मेला असं जे रसिक लोक लिहितात, त्यांनी ती पहिली दोन वर्षं आमच्या ऑफिसात काढायला हवी होती.

यादीत कुठलं गाणं ठेवायचं हे ठरवायला फोनवरून चाचणी घ्यायची पद्धत होती. आमच्याकडची मुलगी लोकांना फोन करायची, गाण्याचा तुकडा ऐकवायची आणि विचारायची, आवडलं, ठीक आहे, की कंटाळा आला? मुंबई-पुण्यात लोक बिनधास्त सांगत असतील. आमच्याकडं कुणी कंटाळा आला म्हणेचना. रेडिओवाल्या पोरीनं आठवणीनं फोन केलाय, तिला वाईट कसं म्हणायचं? सगळ्यांना सगळीच गाणी आवडली. अक्कलकोट रोडवरच्या एका किराणा दुकानदारानं तर फोन स्पीकरवर टाकला, गिऱ्हाइकांना बसवलं, आणि प्रत्येक तुकडा तुटला की सगळं दुकान ओरडायचं, पूर्ण लावा की. शेवटी त्यांनी मुलीलाच जेवायला बोलावलं. ती चाचणी मी मुंबईला पाठवली तेव्हा तिकडून विचारणा झाली की सोलापूरच्या आकड्यांत काही बिघाड आहे का. मी कळवलं, बिघाड नाही, अगत्य आहे.

इथवर गंमत होती. पुढं मला त्या सोप्या गणितातली मेख दिसायला लागली.

आमच्या गावात गणवेश शिवणारे लोक पुष्कळ. एका शेडमध्ये शिलाईची यंत्रं ओळीनं मांडलेली आणि वर खांबाला रेडिओ टांगलेला. तिथल्या मालकानं आमचं स्टेशन बंद केल्याचं कळलं म्हणून मी गेले. मालक भला माणूस. म्हणाला, "गाणं वाईट न्हाई हो ताई. पर आमच्या कारागिराला एका दिवसात तेच पाचव्यांदा लागलं की तो बाही उलटी जोडतोय." तिथं उभी असताना माझ्या लक्षात आलं की थोडा वेळ ऐकून जाणारा माणूस इथं कुणीच नव्हता. सोलापूरचा ऐकणारा बसलेला असतो. शिलाईवर, मागावर, दुकानात, घरी बिड्या वळत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका जागी. आमची यादी चालत्या गाडीतल्या माणसासाठी बनवलेली होती आणि आम्ही ती बसलेल्या माणसाला वाजवून दाखवत होतो.

मी मुंबईला लिहिलं की आम्हाला यादी जरा सैल करू द्या. उत्तर आलं की सगळ्या शहरांना नियम एकच. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मी हट्टी आहे, पण पगारही तिथूनच येत होता.

आता बसूअण्णांबद्दल. त्यांचं नाव बसवराज, गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, सीमेला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि बायको सोलापूरची म्हणून तेलुगूही कामापुरती यायची. दुपारचा कार्यक्रम ते करायचे. त्या वेळेला आमच्या धंद्यात मान नाही, कारण मोठ्या शहरात दुपारी कुणी ऐकत नाही असं धरलेलं असतं. तरुण बोलणाऱ्यांना सकाळ हवी असते. अण्णांनी कधी सकाळ मागितली नाही. आवाज जाड, बोलणं सावकाश, विनोद बेताचे. पण एखादी बाई फोनवर अडखळली की ते तिच्या भाषेत शिरायचे आणि ती मोकळी बोलायची. वयानं माझ्याहून थोडे मोठे असूनही मला ताई म्हणायचे. मुलगी शिकत होती, घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर होतं.

एका वर्षी आमचा कॉम्प्युटर बिघडला. बिघडला म्हणजे बंद नाही पडला, त्यानं दुपारचा एकाच दिवसाचा लॉग रोज परत परत चालवायला सुरुवात केली. मी तेव्हा आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बार्शीला होते आणि तंत्रज्ञ रजेवर होता. अण्णांच्या ध्यानात आलं, पण त्यांना वाटलं मुंबईचा काहीतरी नवा हुकूम असेल. परत आल्यावर मला कळलं की दोन आठवडे दुपारी तीच गाणी, त्याच क्रमानं, त्याच वेळेला वाजली आहेत. रेडिओच्या धंद्यात याच्याइतकी नामुष्की नाही. आमचं सॉफ्टवेअर तर अशा बाबतीत इतकं जागरूक की आज तीन वाजता लागलेलं गाणं ते उद्या तीनला लागूच द्यायचं नाही. गाणी थोडी असली तरी जागा बदलत राहिली की लोकांना कंटाळा येत नाही, असा त्यामागचा विचार. मी घाईघाईनं सगळं दुरुस्त केलं आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल अशी आशा धरली.

दुरुस्तीनंतर दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. सगळ्या बायका. कुणी विचारायचं, अण्णा, आमचं शाळेचं गाणं कुठं गेलं? कुणी विचारायचं, कारखान्याचं गाणं का लावलं नाही? आम्हाला काही कळेना. आमच्याकडं असलं कुठलं गाणंच नव्हतं.

शेवटी आम्ही दोघं पूर्व भागातल्या एका गल्लीत गेलो, जिथून जास्तीत जास्त फोन येत होते. सगळी विणकरांची तेलुगू घरं. नवरे मागावर आणि बायका दारात बसून बिड्या वळणाऱ्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं. बोलत होत्या, हसत होत्या, पण नजर हातावरच. अण्णांना बायांनी आवाजावरून ओळखलं, चेहरा कुणाला माहीत नव्हता. त्यांतली वयानं थोरली नरसम्मा. तिनं आम्हाला सगळा उलगडा केला.

त्या दोन आठवड्यांत गल्लीला घड्याळ मिळालं होतं. एक द्रुत चालीचं गाणं लागलं की पोरं शाळेतून सुटायची वेळ. दुसरं एक लागलं की नळाला पाणी. आणि एक जुनं युगुलगीत, बासरीनं सुरू होणारं, ते लागलं की हातातली बिडी शेवटची, मग जुड्या बांधायच्या आणि निघायचं. बिड्या कंपनीच्या शाखेत नेऊन द्यायच्या असतात, त्याला त्या कारखाना म्हणतात. तिथली खिडकी दुपारी ठरल्या वेळेला बंद होते. उशीर झाला तर बिड्या परत घरी न्यायच्या, आणि बिड्या दिल्याशिवाय नवी पानं-तंबाखू मिळत नाही, म्हणजे दुसरा दिवस बुडाला. लवकर निघावं तर तेवढ्या बिड्या कमी. म्हणून वेळेचा एवढा जीव.

मी विचारलं की घरात घड्याळ नाही का. नरसम्मा म्हणाली, "हाय की भिंतीवर. पर मान वर केली की पान सुटतंय. डोळे हातावर असतेत, कान रिकामेच असतेत." मोबाईलचं विचारलं, तर तो पोराकडं असतो म्हणाली.

परत येताना अण्णा गाडी चालवत होते आणि मी मागं बसून हिशेब करत होते. एवढी वर्षं मी यादी मोठी करून मागत होते. शेडमधल्या कारागिरासाठी ते बरोबरच होतं, आजही मी ते म्हणते. पण या बायांचं यादीशी भांडणच नव्हतं. गाणी मोजकी असू देत, रोज तीच असू देत, फक्त आपापल्या जागेवर असू देत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि नेमकं तेवढंच करायला आमच्या कॉम्प्युटरला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी मी ती तीन गाणी लॉगमध्ये आपापल्या वेळेला कुलूपबंद केली. तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती जाहिरातींसाठी. गाण्याला कुलूप लावलं की पानावर लाल खूण येते. मी ती येऊ दिली. दुपारच्या बाकीच्या गाण्यांत जरा हात सैल सोडला, म्हणजे शिलाईवाल्यांचीही सोय होईल. अण्णांनी आपल्या बाजूनं एक केलं. गाणं सुरू होताना आधी जी वाद्यं वाजतात, त्यांच्यावर बोलणारा बोलतो आणि गायकाचा आवाज लागायच्या नेमक्या क्षणी थांबतो. हे आमच्याकडचं कसब, त्यावर नव्या बोलणाऱ्याची परीक्षा होते. अण्णा त्यात पटाईत होते. पण कारखान्याच्या गाण्याआधी ते थांबायचे, श्वासभर शांतता सोडायचे आणि बासरी मोकळी ऐकू द्यायचे. त्या शांततेचीही लाल खूण यायची.

बरेच महिने असं चाललं. मला नोकरीतले ते सगळ्यात चांगले महिने वाटतात. गल्लीगल्लीतून फोन वाढले. उन्हाळ्यात नळाची वेळ बदलली तेव्हा बायांनीच कळवलं आणि आम्ही गाणं सरकवलं. पोलीस कॉलनीतल्या एका बाईंनी, ज्यांचा बिड्यांशी काही संबंध नव्हता, सांगितलं की त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना औषध त्या गाण्यावर देतात. हे सगळं मुंबईला दिसत नव्हतं. त्यांना फक्त लाल खुणा दिसत होत्या.

मग मुंबईचे साहेब आले. सगळ्या शहरांची गाणी त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं, कारण वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. गाण्यातलं त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. त्यांनी सांगितलं की छोट्या शहरांची दुपार एकत्र करून एकाच ठिकाणाहून चालवायचा विचार आहे. खर्च वाचतो, आणि दुपारी तसंही कुणी ऐकत नाही. मी त्यांना कारखान्याच्या गाण्याची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली, मध्ये बोलले नाहीत, एकदा हसलेही. मग म्हणाले की दुपारसाठी आणखी काही महिने घ्या आणि दाखवा.

काय दाखवायचं हे मला नीट कळलं नव्हतं. मी ऐकणारे दाखवले. फोन रेकॉर्ड करून पाठवले, बायांचे, शिलाईवाल्यांचे, त्या सासऱ्यांच्या सुनेचे. अण्णा कधी नाही ते घाबरलेले असायचे. कार्यक्रम संपला की माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "ताई, मुंबईचं काय आलं का हो?" मी नाही म्हटलं की बरं वाटल्यासारखं करून निघून जायचे.

मुदत संपली तेव्हा साहेबांचा फोन आला. त्यांचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे दुपारी लोक ऐकतात हे मी मान्य करतो. माझंच चुकलं होतं. पण ती बाई काय विकत घेते?"

मी म्हटलं, चहा घेते, साबण घेते, मीठ घेते, पोरांच्या वह्या घेते. ते म्हणाले की चहा-साबणवाल्या कंपन्या सोलापूरच्या दुपारसाठी वेगळी जाहिरात देत नाहीत, त्यांचं सगळं मुंबईत एकत्र ठरतं. सोलापुरातून जाहिरात येते ती गाड्यांच्या शोरूमची, फ्लॅटवाल्यांची, क्लासवाल्यांची, आणि त्यांना ही बाई नको असते. आवाज त्यांचा पडलेला होता. मी आणखी बरंच बोलले, वरच्या पट्टीतही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवताना सॉरी म्हणाले.

यादी छोटी चांगली की मोठी, असं मला आजही कुणी कुणी विचारतं. मी सांगते की छोटी यादी चालते, पण ती बनवणारा ऐकणाऱ्याच्या गावात राहत असला पाहिजे. नळाची वेळ बदलली की त्याला कळलं पाहिजे. यापलीकडं मला त्यातलं काही कळत नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. बोलणाऱ्याची नोकरी जाणार असेल तर त्याला ते कार्यक्रम संपल्यावर सांगतात, आधी नाही. जाणाऱ्याच्या हाती चालू माईक द्यायचा नाही, तो काहीही बोलेल, अशी भीती. म्हणून रेडिओवरची माणसं निरोप न घेता नाहीशी होतात, आणि ऐकणाऱ्यांना वाटतं की माणूस गर्विष्ठ होता. अण्णांच्या बाबतीत तेच झालं. रोजच्यासारखा कार्यक्रम झाला, बासरी मोकळी वाजली, शेवटी त्यांनी उद्या भेटू म्हटलं आणि बाहेर आल्यावर त्यांना स्टेशन मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. मला ते त्याच दिवशी सकाळी कळलं होतं. मी काचेपलीकडून त्यांचा अख्खा कार्यक्रम ऐकला आणि ते उद्या भेटू म्हणाले तेव्हा मान खाली घातली.

केबिनमधून ते बाहेर आले ते थेट माझ्या टेबलाशी. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "उद्या कारखान्याचं गाणं लागणार न्हाई. बाया घरात बसून ऱ्हातील की ताई. खिडकी बंद होईल."

मी मॅनेजरकडं गेले, एक वाक्य सांगू द्या म्हणून. मी सांगते, अण्णा नको, हेही म्हटलं. मॅनेजरनं मुंबईला विचारलं. मुंबईनं सांगितलं की बदलाबद्दल रेडिओवर काही बोलायचं नाही, लोकांना हळूहळू सवय होते.

तेव्हा आम्ही दोघं गाडीवर बसून पूर्व भागात गेलो. अजून ऊन होतं. जिथून जिथून फोन यायचे त्या गल्ल्या अण्णांना पाठ होत्या. एरवी एक बटण दाबलं की गावभर ऐकू जायचा असा तो माणूस, दार वाजवून एकेका घराला सांगत होता की उद्यापासून घड्याळ बघून निघा. मराठीत, तेलुगूत, एका घरी कन्नडमध्ये. स्वतःबद्दल एक शब्द नाही. फक्त गाण्याचं.

पहिल्याच दारात बाई आम्हाला बघून घाबरली. त्या गल्ल्यांमध्ये दोन माणसं दारोदार निरोप देत फिरतात ती कुणी गेल्यावर, कधी न्यायचं ते सांगायला. तिनं विचारलं, कोण गेलं? अण्णा म्हणाले, कुणी नाही अक्का, गाण्याचं सांगायला आलोय. ती हसली, आम्हीही हसलो. दुसऱ्या गल्लीतही तेच झालं आणि तिसऱ्याही. तिथवर येता येता अण्णांचं हसणं कमी झालं होतं. बहुतेक बायांनी ऐकून मान डोलावली, काहींनी रेडिओवाल्यांना नावं ठेवली, एकीनं सांगितलं की मग आता फोनवरच गाणी लावतो. कामाच्या गडबडीत कुणी जास्त विचारलं नाही आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

शेवटी नरसम्माचं दार. ती उंबऱ्याच्या आत बसून वळत होती, रेडिओ चालू होता. तिनंही विचारलं, "कोण गेलं, अण्णा?"

"कुणी न्हाई, अम्मा. उद्यापासून कारखान्याचं गाणं लागणार न्हाई. घड्याळ बघून निघायचं."

तिचे हात चालूच होते. पान, तंबाखू, दोरा. हातावरची नजर न काढता तिनं विचारलं, "गाणं न्हाई. आन् तुमी?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, म्हणून मी सांगितलं की अण्णांचा कार्यक्रम आजपासून बंद झाला, त्यांचं काम गेलं.

बिड्या वळणारी बाई पाहुणा आला म्हणून हात थांबवत नाही. बोलते, हसते, पाणी घ्या म्हणते, पण सूप मांडीवरून हलत नाही. नरसम्मानं रेडिओ बंद केला. मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं, लुगड्यावरचा तंबाखू झटकला आणि पदर डोक्यावर घेतला. मग ती बाहेर आली आणि अण्णांसमोर जमिनीवर बसली, ज्याचं कुणी गेलंय त्याच्यापुढं बसतात तशी.